गोरेपणाची क्रीम आणि मूत्रपिंडाचं दुखणं

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या जनरल स्टोअरमध्ये, पार्लरमध्ये आणि आठवडी बाजारातल्या गाड्यांवर एक वस्तू जास्त खपू लागते. लहानशी डबी, आत पांढरी, पिवळसर किंवा राखाडी क्रीम आणि झाकणावर गोऱ्यापान बाईचा फोटो. विकणारी सांगते, "ताई, आठ दिवसांत फरक दिसेल बघा." आणि फरक खरंच दिसतो. म्हणूनच एकीने लावली की शेजारची विचारते, मग तिची जाऊ, मग कॉलेजला जाणारी मुलगी. पण हा फरक पडतो कशाने, हे त्या डबीवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते समजून घेण्यासाठी हा लेख.

अकोल्यातल्या एका घराची बातमी २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. घरातली शिकणारी मुलगी पार्लरमधून मिळालेली गोरेपणाची क्रीम लावत होती. तिला फरक दिसला म्हणून आई आणि बहीणही लावू लागल्या. काही महिन्यांनी तिघींच्याही मूत्रपिंडांना, म्हणजे किडनीला, सूज आली. एकाच घरातल्या तिघी एकाच आजाराने आजारी पडल्या, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला आणि क्रीममध्ये पारा असल्याचं निघालं. थर्मामीटरमध्ये चमकणारा पारा आपण पाहिलेला आहे, तोच हा धातू. डबीत तो तसा चमकत नाही. तो क्षाराच्या रूपात, पांढऱ्या भुकटीसारखा मिसळलेला असतो. त्याला वास नसतो आणि तो डोळ्यांनी ओळखताही येत नाही.

असाच अनुभव केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांना आला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे आलेल्या एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांतल्या १५ जणांमध्ये या विकाराचा एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला. आजार सुरू होण्यापूर्वी काय काय वापरलं, काय खाल्लं, अशी विचारपूस केल्यावर त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारत गेली. हे २०२४ मध्ये मूत्रपिंडविकारांवरच्या एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे. ही ऐकीव गोष्ट नाही.

आता पारा कातडी गोरी कशी करतो ते पाहू. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. ज्याच्या कातडीत ते जास्त, तो सावळा किंवा काळा. ज्याच्या कमी, तो गोरा. हे मेलॅनिन म्हणजे निसर्गाने दिलेली छत्री आहे. उन्हातली घातक किरणं ते अंगावर झेलतं आणि आतल्या पेशींना वाचवतं. नाक्यावर, बांधकामावर, शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला ही छत्री फार उपयोगी पडते. मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं आणि या विकराला काम करायला तांब्याचे अणू लागतात. पारा मध्ये घुसतो आणि विकराचं काम बंद पाडतो. रंग बनवणारा कारखानाच बंद झाला की वरची जुनी कातडी झडून जाते आणि खालून फिकी कातडी वर येते. लोक म्हणतात, "चेहरा उजळला." खरं तर कातडीची छत्री काढून घेतलेली असते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पारा कातडीतून आत शिरतो, रक्तात मिसळतो आणि तिथून मूत्रपिंडांत जाऊन साठतो. आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून जवळपास वीस लाख बारीक गाळण्या असतात. त्या रक्तातली घाण लघवीवाटे बाहेर टाकतात आणि कामाची प्रथिनं रक्तातच ठेवतात. चहाची गाळणी फाटली की चोथा कपात उतरतो, तसंच इथे होतं. गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, आजूबाजूला झिरपतं. म्हणून सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात, पैंजण रुततात, चपलेचा पट्टा घट्ट होतो. अशक्तपणा येतो, वजन एकाएकी वाढतं. बाई समजते, उभं राहून काम केल्याने पाय सुजले. घरचे म्हणतात, रक्त कमी असेल, बीट खा. क्रीमचा आणि पायांच्या सुजेचा संबंध असेल असं कोणाच्याही मनात येत नाही आणि डॉक्टरांना सांगायचंही राहून जातं. म्हणून एवढं लक्षात ठेवा: पायांना सूज आणि लघवीला फेस अशी तक्रार घेऊन दवाखान्यात गेलात, तर चेहऱ्याला काय लावता तेही आपणहून सांगा, आणि शक्यतो ती डबीच सोबत न्या.

पाऱ्याचा परिणाम मज्जातंतूंवरही होतो. हात थरथरणं, झोप न लागणं, उगाच चिडचिड होणं, गोष्टी विसरणं, हातापायांना मुंग्या येणं ही त्याची लक्षणं. अर्थात चिडचिड आणि झोप न लागणं याला वस्तीतल्या बाईकडे दुसरी शंभर कारणं असतात, पाणी रात्री दोनला येतं हेही त्यातलंच. म्हणूनच हा आजार लपून राहतो. गरोदर बाईच्या अंगातला पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला त्याचा धोका जास्त.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. क्रीम लावते एकटी, पण ती घरभर जाते. उशीच्या अभ्र्याला लागते, सगळ्यांच्या एकाच टॉवेलला लागते, कडेवरच्या बाळाच्या गालाला लागते. पाऱ्याचा काही अंश वाफ होऊन हवेतही मिसळतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं झोपतात आणि खिडकी एकच असते. जिथे अशा क्रीम सापडल्या तिथे तपासण्या झाल्या, तेव्हा क्रीम कधीच न लावणाऱ्या मुलांच्या अंगातही पारा आढळलेला आहे.

यावर कायदा आहे आणि तो कडक आहे. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे तयार प्रसाधनात नकळत आलेला पारा १ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. फक्त डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांना ७० पीपीएमपर्यंतची सवलत आहे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग; १ किलो क्रीममध्ये १ मिलिग्रॅम. पाऱ्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करारही आहे, मिनामाता करार. जपानमधल्या मिनामाता या गावी कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून गरीब कोळ्यांच्या पोटात गेला आणि १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला. माणसं लुळी पडली, मुलं जन्मतः अपंग झाली. त्या गावाचं नाव या कराराला दिलेलं आहे. भारताने २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली. पारा घातलेली प्रसाधनं बंद करणं हा त्या करारातला एक भाग आहे.

मग डब्या येतात कुठून? बऱ्याचशा चोरवाटेने. काहींवर परदेशी लिपीत मजकूर असतो, काहींवर फक्त चित्र. काही तर पार्लरमध्येच लहान डब्यांत भरून, लेबल न लावता दिल्या जातात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये ३२ गोरेपणाच्या क्रीम तपासल्या, तेव्हा १४ मध्ये पारा आढळला. प्रमाण ०.१० ते १.९७ पीपीएम होतं. म्हणजे ओळखीच्या कंपन्यांचा मालही आपोआप शुद्ध ठरत नाही. पण बिनलेबलच्या डबीची गोष्टच वेगळी. जगभर पकडल्या गेलेल्या अशा क्रीममध्ये हजारो पीपीएम पारा निघालेला आहे. हजार पीपीएम म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या हजार पट.

स्टिरॉइडचं दुखणं

सगळ्याच झटपट क्रीममध्ये पारा असतो असं नाही. कित्येकींच्या चेहऱ्यावर जे चोपडलं जातं ते स्टिरॉइड असतं, आणि ते मेडिकलमध्ये उघड मिळतं. वस्तीत हा प्रकार पाऱ्यापेक्षाही जास्त पसरलेला आहे, असं माझं मत आहे.

होतं असं की कोणाला मांडीत, कमरेला गजकर्ण येतं. दमट घर, घामाचे कपडे, सात जणांचे कपडे एकाच दोरीवर अर्धवट वाळलेले. गजकर्ण व्हायला आणखी काय हवं? मेडिकलवाला तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब देतो. त्यात एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. लावल्याबरोबर खाज थांबते, लाली जाते. स्टिरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी दाबून टाकतं, म्हणून लाली आणि खाज बसते. पण बुरशी मेलेली नसते. पहारेकरी झोपवल्यावर चोराला रान मोकळं मिळतं, तशी ती आतल्या आत पसरते. ट्यूब संपली की गजकर्ण दुप्पट होऊन येतं आणि आता साध्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरही कधी कधी फसतात, कारण स्टिरॉइडने त्याचं रूपच बदललेलं असतं.

तीच ट्यूब कोणीतरी चेहऱ्याला लावून बघतं. डाग फिके होतात, चेहरा नितळ दिसतो. मग ती रोजची होते. दोन-चार महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. पुटकुळ्या येतात, गालावर आणि हनुवटीवर केस वाढतात. लावणं थांबवलं की चेहरा लालभडक होऊन आग होते, म्हणून बाई घाबरून परत लावते. दारूसारखंच हे, सोडलं की त्रास, घेतलं की बरं. त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं नाव द्यावं इतके रुग्ण देशभरातून त्यांच्याकडे येतात.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात, पण घरातली सातवी-आठवीची मुलगी ती सहज वाचून देईल. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण हा नियम पाळला जातो की नाही, ते तुमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमध्ये जाऊन बघा. स्टिरॉइड मुळात वाईट औषध नाही. डॉक्टरने दिलेलं, ठरावीक दिवस, ठरावीक जागी लावलं तर इसबासारख्या आजारात ते फार गुणकारी आहे. आणि कोणी महिनोन् महिने चेहऱ्याला लावत असेल, तर एका दिवसात फेकून देऊ नये. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जाऊन, डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडावं.

गोरं कशासाठी व्हायचं?

हा प्रश्न आरोग्याच्या पानावर कशाला, असं कोणी म्हणेल. पण आजाराचं मूळ डबीत जेवढं आहे तेवढंच या प्रश्नातही आहे. आपल्या समाजाचे वधू-वर परिचय मेळावे होतात. स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, वंदना होते, जातीअंतावर भाषण होतं. मग मुलामुलींचे परिचय सुरू होतात आणि बायोडेटात 'रंग' असा रकाना असतो. मुलगी पदवीधर आहे, नोकरी करते, घर चालवते; तरी मुलाची आई शेजारणीच्या कानात विचारते, "सावळी आहे ना जरा?" ही कुजबुज त्या मुलीला ऐकू जाते. दुसऱ्या दिवशी ती पार्लरमध्ये जाते. एका मोठ्या कंपनीने १९७५ मध्ये गोरेपणाची क्रीम बाजारात आणली आणि जवळपास पंचेचाळीस वर्षं 'फेअर' हा शब्द नावात ठेवून विकली. २०२० मध्ये तो शब्द काढला. कंपनीने शब्द काढला, पण आपल्या बायोडेटातला रकाना तसाच आहे.

नीटनेटकं राहू नका, नटू नका, असं मुळीच म्हणायचं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्ज्या-पणज्यांना साडी कशी नेसावी, जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने का टाकून द्यावेत, स्वच्छ कसं राहावं, हे सांगितलं होतं आणि बायांनी दुसऱ्याच दिवशी ते करून दाखवलं होतं. चांगलं दिसण्याचा हक्क आपण झगडून मिळवलेला आहे. पण महाडच्या त्या भाषणात कातडीचा रंग बदला, असं कुठेही नव्हतं.

टिकली, डाय, पावडर, काजळ

कपाळावरच्या चिकट टिकलीमुळे काही बायांच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल. ते रंग बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. पहिल्यांदा खाज येते, जागा लालसर होते. त्याच वेळी टिकली बंद केली तर पुढचा त्रास टळू शकतो. पण पांढरा डाग दिसला की बाई तो झाकायला आणखी मोठी टिकली लावते आणि डागही वाढत जातो. हा डाग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुलीच्या लग्नात आडवं यावं असं त्यात काहीही नाही. टिकली थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. काहींचा रंग उपचाराने परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. ज्यांना टिकली लावायचीच आहे त्यांनी रोज रात्री काढावी, रोज त्याच जागी लावू नये आणि खाज आली की त्या दिवशीच थांबवावी.

केसांच्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री आपल्याकडे कितीतरी पुरुष डाय लावून बसलेले दिसतात, म्हणून हे पुरुषांनीही वाचावं. पीपीडीची काहींना जोरदार ॲलर्जी येते: डोकं खाजतं, पापण्या सुजून डोळे मिटतात, कानामागे पाणी सुटतं. पूर्वी दहा वेळा लावून काही झालं नाही म्हणजे अकराव्या वेळी होणार नाही, असं नसतं. ॲलर्जी मध्येच सुरू होऊ शकते. लावण्याआधी थोडा डाय कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर तो डाय आपल्यासाठी नाही. लग्नात मिळणारी 'काळी मेंदी'ही बहुधा पीपीडीचीच करामत असते. खरी मेंदी नारिंगी, तांबडी, तपकिरी रंगते, काळी कुळकुळीत रंगत नाही. लहान मुलींच्या हातावर ती लावू नये. आणि डायची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. पीपीडी पोटात गेलं तर घसा आणि मान सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. कोणी रागाच्या भरात किंवा चुकून ते प्यायलं, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं आणि पुडीही सोबत न्यावी.

बाळाला आंघोळीनंतर पावडर फासायची आपल्याकडे फार हौस. पावडरीचा धूर बाळाच्या नाकातोंडात जातो, फुप्फुसांना त्रास होतो. टाल्क म्हणजे जमिनीतून काढलेला दगड दळलेला असतो, आणि ॲस्बेस्टॉस नावाचं घातक खनिज खाणीत त्याच्या शेजारीच सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'कर्करोगाचं संभाव्य कारण' या गटात घातलं. बाळाला पावडरीची गरजच नसते. मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करावं, विशेषतः मानेच्या आणि जांघेच्या घड्या.

बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये. बोटावरचे जंतू डोळ्यात जातात, अश्रू वाहून नेणारी नळी बंद होते. बाजारातल्या सुरम्यात तर कित्येकदा शिसं असतं, कारण सुरमा म्हणून जो दगड दळला जातो तो शिशाचाच असतो. मुलांच्या अंगात शिसं गेलं की बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावतात हे माहीत आहे. मुलाच्या बुद्धीपुढे ती कारणं किती टिकतात, हे प्रत्येक घराने ठरवावं.

मग वापरायचं काय?

'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'नॅचरल' असं लिहिलं म्हणजे माल निर्धोक झाला, असं समजू नका. शब्द छापायला शाई लागते, कोरफड लागत नाही. घरचे उपायही सगळे बरे नसतात. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. खायचा सोडा कातडी कोरडी आणि कडक करतो. पुटकुळीवर टूथपेस्ट लावल्याने आग होते, बाकी काही होत नाही.

साधा साबण, साधं खोबरेल तेल, हिवाळ्यात व्हॅसलीनसारखी बिनवासाची जेली, उन्हात जाताना डोक्यावरून आणि गालावरून ओढणी किंवा पदर. बहुतेक चेहऱ्यांना एवढं पुरतं. चेहऱ्यावर काळे वांग आले असतील तर ते बाळंतपणाने, उन्हाने किंवा काही गोळ्यांमुळेही येतात. त्यासाठी महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. केस पेपरचे पैसे डबीच्या किमतीपेक्षा कमीच पडतात.

विकत घ्यायचंच असेल तर डबी उलटी करून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी हे सगळं असलंच पाहिजे. परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक आणि इथल्या आयातदाराचं नाव हवं. यांतलं काही नसेल तर डबी दुकानदाराला परत द्या. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल यांपैकी काही लिहिलेलं असेल तर तो पारा आहे. आणखी एक खूण आहे. काही डब्यांवर 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असते. पारा सोन्याला चिकटतो आणि ते पांढरं पडतं, म्हणून ही सूचना. मंगळसूत्राला लावायची नाही अशी वस्तू गालाला कशी चालेल?

महिला मंडळाच्या बैठकीला एखाद्या रविवारी विहारात सगळ्यांनी आपापल्या डब्या आणि ट्यूबा आणाव्यात आणि शिकलेल्या मुलींकडून त्यांवरची नावं वाचून घ्यावीत. तासाभराचं काम आहे. बिनलेबलचा माल विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी करता येते. डबी आणि बिल सोबत जोडावं. बिल मिळत नसेल तर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख लिहावी. एकटीने केलेल्या अर्जापेक्षा मंडळाच्या शिक्क्याने पंचवीस सह्यांचा अर्ज गेला तर दखल लवकर घेतली जाते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

ज्यांनी अशी क्रीम महिनोन् महिने लावली आहे त्यांनी आजच ती थांबवावी आणि लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. त्यात प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, जातं का ते कळतं. ही तपासणी सरकारी दवाखान्यात सहज होते. प्रथिन आढळलं तर घाबरून जाऊ नका, पण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जायला उशीरही करू नका. वेळेवर पारा बंद झाला तर गाळण्या पुष्कळदा सावरतात. आजार पुढे गेलाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड तयार ठेवावं.

राहिला प्रश्न घरातल्या उरलेल्या डबीचा. ती नाल्यात टाकू नका, चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच टाकू नका, कारण तापला की पारा वाफ होऊन थेट फुप्फुसांत जातो. झाकण घट्ट लावून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवाल्याला वेगळी द्या आणि तोंडाने सांगा की यात विषारी क्रीम आहे. घनकचरा नियमांप्रमाणे असा कचरा वेगळा घ्यायची सोय महापालिकेने करायची आहे. ती नसेल तर नगरसेवकाला विचारा. गाडीवर हाताने कचरा निवडणारा आणि पावसाळ्याआधी नाल्यात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या घरातला असतो. ती डबी जिच्या उशाशी होती तिचे अभ्रे, टॉवेल आणि चादर गरम पाण्यात वेगळे धुवा, घरातल्या इतरांच्या कपड्यांत मिसळू नका आणि त्या दिवशी खोलीची दारं-खिडक्या उघड्या ठेवा.